हेड उघडण्याआधी पाण्याची वाट तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की सरदार सरोवर धरणामागच्या नर्मदेच्या फुगवट्यावर चालणाऱ्या बोटींची इंजिने तापल्याच्या तक्रारी वाढतात आणि दर वेळी खापर उन्हावर फुटते. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपुढे जातो, मग इंजिन तरी कसे थंड राहणार, असा सगळ्यांचा हिशेब. पण बोटीचे इंजिन हवेने थंड होत नाही, ते नदीच्या पाण्याने थंड होते. मे महिन्यातही हातभर खोलीवरचे पाणी हिवाळ्यापेक्षा थोड्याच अंशांनी गरम असते. इंजिनाच्या पोटात फिरणारे पाणी ८० अंशांच्या आसपास असते. निरोगी इंजिनाला एवढा फरक जाणवतही नाही, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, थोडा जास्त उघडतो आणि तापमानाचा काटा जागेवर राहतो. मे महिन्यात जे इंजिन तापते, ते जानेवारीतही आजारीच असते. ऊन तो आजार उघडा पाडते, एवढेच.

हे लिहायचे कारण असे की चुकीच्या निदानाची किंमत इथे मोठी आहे. सरदार सरोवर २०१९च्या सप्टेंबरमध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या काठावरच्या कित्येक पाड्यांना आता बाजार, रेशन, दवाखाना या सगळ्यासाठी बोटच लागते. रुग्ण घेऊन निघालेली बोट मध्यावर बंद पडली तर तिथे टो करायला दुसरी गाडी येत नाही. आणि तापलेले इंजिन दुरुस्तीला आले की पहिला पाना हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, नटांवर पडतो. हेड काढले, प्लेन करून आणले, नवे गॅस्केट टाकले, पाच-सहा दिवस बोट काठाला उभी. परत पाण्यात घातली की पुन्हा काटा वर. कारण दोष हेडमध्ये नव्हताच. शहाद्याकडचे जुने मिस्त्री पोराला सांगतात, ‘पानी कोठे अडकनं ते पहिले देख.’ या पत्रात तेवढेच सविस्तर सांगायचे आहे.

आपल्याकडे बोटींत दोन जातीची इंजिने दिसतात. एक, विहिरीवरचे ऑइल इंजिन किंवा तसलेच शेतीचे इंजिन उचलून बोटीत बसवलेले. यात नदीचे पाणी थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी धडात, शिरते आणि गरम होऊन बाहेर पडते. दुसरे, कारखान्यातून बोटीसाठीच बनून आलेले. त्यात कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, इंजिनातल्या इंजिनात फिरते आणि नदीचे पाणी हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यातून जाऊन त्या कुलंटची उष्णता घेऊन जाते. मग तेच पाणी सायलेन्सरच्या वाकड्या तुकड्यात, म्हणजे एल्बोत, धुरात मिसळून बाहेर फेकले जाते. मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या शिडाच्या बोटींत, वारा पडला की चालवायला जे छोटे डिझेल इंजिन असते, त्याचीही रचना बहुधा हीच. त्यामुळे बोटीच्या इंजिनाबद्दल जे छापील किंवा ऐकीव ज्ञान मिळते ते बहुतेक समुद्राचे असते. पाण्याच्या वाटेचे नियम समुद्रात आणि नदीत सारखे आहेत. फरक आहे तो मिठाचा, त्याबद्दल पुढे.

पाना हातात घेण्याआधी चालवणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: कधी तापते? सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत, रेस न देताच काटा चढला तर नदीचे पाणी आत येतच नाही. हळू चालवताना ठीक आणि पूर्ण रेसवर तापत असेल तर पाणी येते पण कमी येते, किंवा इंजिनावर लोड जास्त आहे. महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू काटा वर सरकत गेला असेल तर चुना किंवा गाळ. कालच काम झाले आणि आज तापते, तर आत हवा कोंडली आहे. आणि चढलेला काटा अचानक शून्याकडे पडला तर सुटकेचा श्वास टाकू नये. कुलंट संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच खाली येतो. तिथे इंजिन ताबडतोब बंद.

काटा खरे बोलतो का, हेही आधी पाहावे. सेन्सरची तार सोलून इंजिनाच्या लोखंडाला लागली तर बहुतेक घड्याळांत काटा थेट लालमध्ये जातो. तार तुटली तर थंडच दाखवतो. लांबून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटर हल्ली साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्याने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजावे. मात्र चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर ते कमी आकडा दाखवते. म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

आता पाण्याच्या मागे निघायचे, आणि सुरुवात उलट्या टोकाकडून, सायलेन्सरच्या तोंडापासून. इंजिन सुरू झाल्यावर तिथून धुरासोबत पाणी उडाले पाहिजे, गचके देत का होईना. नुसता कोरडा आवाज आणि वाफ असेल तर इंजिन बंद करा, कारण पाण्याविना एल्बोच्या पुढचा रबरी पाइप थोड्या वेळात जळायला लागतो. बोट नवी असताना किंवा सगळे ठीक चालत असताना बादली धरून अर्ध्या मिनिटात किती लिटर पाणी पडते ते मोजून पेंटने इंजिनाच्या पेटीवर लिहून ठेवावे. दुसऱ्या इंजिनाचा आकडा उपयोगाचा नाही, आपल्याच इंजिनाचा हवा. पुढे कधीही शंका आली की पुन्हा बादली धरायची.

पाणी येत नसेल तर बोटीच्या तळाचा कॉक पाहा. हसू नका, बंद राहिलेला कॉक हे कारण पुष्कळदा निघते. कॉक उघडा असेल तर तो बंद करून त्याच्या आतल्या बाजूचा होज, म्हणजे रबरी पाइप, काढा आणि हातात लाकडी गुट्टी (बूच) धरून कॉक हळूच उघडा. पाणी जोरात उसळले पाहिजे. झिरपत येत असेल तर तोंडाशी बाहेरून काहीतरी बसले आहे: जलपर्णीचे मूळ, जाळ्याचा तुकडा, सर्वांत जास्त वेळा प्लास्टिकची पिशवी. सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली की निघते. पाणी उतरल्यावर काठाला चिखलात टेकवलेली बोट तिथेच सुरू करू नये, पंप पाण्याऐवजी गाळ ओढतो. आधी बांबूने चार हात आत ढकलावी.

कॉकनंतर जाळीचा डबा. जाळी सगळेच धुतात, पण झाकणाची रबरी रिंग कोणी बघत नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर बसलेला असेल तर कडक झालेल्या त्या रिंगमधून तो पाण्याआधी हवा ओढतो. गंमत अशी की तिथून एक थेंबही बाहेर गळत नाही, त्यामुळे दोष दिसत नाही. रिंगला ग्रीसचा हात फिरवून झाकण घट्ट करा. पाण्याचा जोर लगेच वाढला तर चोर सापडला. ओढणारा होजही दाबून बघा. स्वस्तातला, आत तार नसलेला पाइप लावला असेल तर रेसवर तो चपटा होतो आणि रेस कमी केली की पुन्हा गोल. काठावर उभ्या बोटीत तो निर्दोष दिसतो.

आता पंप. आमच्या मते अर्ध्याहून अधिक भानगडी इथे असतात. पितळी घरात रबराचे पाकळ्यांचे चाक फिरते, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाण्यानेच वंगण घेतो. कोरडा फिरला तर मिनिटभरातही पाकळ्या जळून फाटू शकतात. झाकणाचे चार-सहा स्क्रू काढा, इम्पेलर बाहेर घ्या आणि प्रत्येक पाकळी मुळाशी वाकवून बघा. तिथे भेग दिसली की तो फेकायचा. पाकळ्या मोजा. सहापैकी चारच असतील तर उरलेल्या दोन शोधल्याशिवाय पंप बंद करू नका. त्या पुढे वाहत जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी किंवा होजच्या वळणात अडकतात. नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापते, अशी तक्रार आली की बहुधा हीच हरवलेली पाकळी कारणीभूत असते.

नवा बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नये, निओप्रीन रबर त्याने फुगते. ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण चालतो. पाकळ्या फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेल्या असाव्यात. झाकणाखालचे कागदी गॅस्केट मूळ जाडीचेच हवे. घरच्या घरी जाड पुठ्ठ्याचे कापून टाकले तर इम्पेलर आणि झाकण यांत फट राहते आणि पंप पाणी उचलत नाही. पावसाळ्यात नर्मदेचे आणि तापीचे पाणी रेतीगाळ घेऊन येते, त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला गोल खाचा पडतात. झाकण दोन्हीकडून सपाट असेल तर उलटे फिरवून बसवावे, आणखी एक हंगाम निघतो. बोट महिनाभर उभी राहणार असेल तर इम्पेलर काढून पिशवीत ठेवावा, नाहीतर पाकळ्या वाकलेल्या तशाच बसतात. आणि वर्षातून एकदा, फाटो न फाटो, बदलावा.

पंप ठीक असूनही कुलंट तापत असेल तर कुलंट फिरवणाऱ्या पंपाचा बेल्ट पाहावा. अंगठ्याने मध्यावर दाबल्यावर दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे. पुलीजवळ काळी भुकटी साचली असेल तर बेल्ट घसरतो आहे. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

एक्स्चेंजरबद्दल मात्र आहे. इथे समुद्राचे आणि नदीचे नियम वेगळे होतात. ज्या इंजिनात समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरते तिथे थर्मोस्टॅट मुद्दाम कमी, साधारण ६० अंशांच्या आत-बाहेरचा असतो, कारण त्याहून गरम झाले की मिठाचे थर बसू लागतात. नदीत मीठ नाही, पण पाणी गरम झाले की चुना बसतो, बंबात बसतो तसा. एक्स्चेंजरच्या टोकाची झाकणे काढून नळ्या उजेडात धराव्यात. आरपार गोल दिसले पाहिजे. कचरा बांबूच्या काडीने काढावा, लोखंडी तारेने कधीच नाही, तांब्याच्या मिश्रधातूची ती नळी पातळ असते. चुना असेल तर दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत घालून दोन-तीन तास भिजवावे. बुडबुडे थांबले की काम झाले. पाणी निळे-हिरवे व्हायला लागले तर चुना संपून तांबे विरघळते आहे, लगेच काढा. मग भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि शेवटी खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवा. बाथरूम धुण्याचे ॲसिड वापरणारे आहेत. ॲल्युमिनियमचे भाग असलेल्या इंजिनाला ते खाऊन टाकते.

एक्स्चेंजरमध्ये गंज थांबवायला पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी असते. ती समुद्रासाठी. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ती निकामी होते, तिथे मॅग्नेशियमची लागते. कांडी झिजून तिचा तुकडा तुटला तर तोही नळीत अडकतो.

थेट पाण्याच्या इंजिनाला एक्स्चेंजर नसतो, त्याचा सगळा गाळ ब्लॉकच्या तळाशी बसतो. तळाचा ड्रेन कॉक उघडल्यावर पाणी आले नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असे समजू नये. भोकात तार घालून हलवा, आधी चिखल आणि मग पाणी येईल. पावसाळा संपल्यावर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा हे केले तर पुरते.

सायलेन्सरचा एल्बो हा सर्वांत दुर्लक्षित भाग. धूर आणि पाणी जिथे मिसळतात तिथे काजळी आणि गंज यांची पुरळ वाढत जाते. भोक अंगठ्याएवढे होते आणि कोणाला पत्ता नसतो. लक्षण असे की हळू चालताना काही नाही, पूर्ण रेसवर काळा धूर, दम कमी आणि काटा वर. दोन वर्षांतून एकदा एल्बो काढून आत हाताचे बोट घालून पाहावे. रेसवर तापण्याचे दुसरे कारण बोट ढकलणाऱ्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये, असते. शाफ्टला गुंडाळलेली नायलॉनची दोरी किंवा जाळे इंजिनाला दुप्पट राबवते. ठरलेली आरपीएम गाठत नसेल तर आधी पाण्यात उतरून पंखा चाचपा. बारा माणसांच्या बोटीत वीस माणसे आणि चार सिमेंटच्या गोण्या घातल्या तर काय होते, ते वेगळे सांगायला नको.

थर्मोस्टॅटबद्दल आमची तक्रार जुनी आहे. इंजिन तापले की तो काढून नदीत फेकायचा आणि ‘आता तापणार नाही’ असे छातीठोक सांगायचे, हा इथला रिवाज झाला आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाटेचे, म्हणजे बायपासचे, तोंडही बंद करतो. तो काढला की अर्धे पाणी एक्स्चेंजरला न जाता तसेच गोल फिरते आणि इंजिन अधिकच तापते. बाकीच्यांत उलटे होते: इंजिन कायम थंड राहते, डिझेल नीट जळत नाही आणि ऑइल खराब होते. तपासणी अगदी सोपी आहे. पातेल्यात पाणी, त्यात दोरीने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. न उघडणारा बदला, पण जागा रिकामी ठेवू नका.

कुलंटच्या टाकीच्या झाकणालाही कमी समजू नये. ०.९ बारचे झाकण दाब नीट धरत असेल तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. त्याची स्प्रिंग मेली की शंभरलाच. कुलंट अर्धे आणि पाणी अर्धे, आणि ते पाणी बोअरचे नको, बॅटरीत टाकतात ते. भरताना हवा काढायचा बोल्ट सैल करून, त्यातून बुडबुड्याशिवाय धार आली की आवळावा.

एवढे सगळे झाल्यावरच हेड. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, होज गरम होण्याआधीच दगडासारखा टणक झाला, डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, लोण्यासारखा पांढरा फेस आला, तर हेड गॅस्केट गेले समजा. कुलंट रोज कमी होते पण कुठे गळत नाही, तेव्हा मात्र हेडच्या आधी एक्स्चेंजरची नळी फुटली का ते पाहा, कुलंट नदीत जात असते.

दुरुस्ती करताना पुन्हा पुन्हा स्टार्टर मारावा लागत असेल तर तळाचा कॉक बंद ठेवा. इंजिन न पेटता नुसते फिरले तरी पंप पाणी ढकलतो. ते बाहेर फेकायला धूर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरमध्ये येते. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पेटले की लगेच कॉक उघडायला विसरू नये, म्हणून किल्लीलाच एक लाल चिंधी बांधावी.

मधल्या धारेत काटा चढला तर आधी रेस कमी करून सायलेन्सरचे तोंड पाहा. पाणी येत असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवा, लोड उतरला की काटा उतरतो. पाणी येत नसेल तर बंद करा, नांगर टाका. टाकीचे झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर किंवा ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रवासी आणि रुग्ण नेणाऱ्या प्रत्येक बोटीत, सरकारी असो की खासगी, एक पत्र्याची पेटी सक्तीची करावी, ही आमची मागणी आहे. त्यात त्याच इंजिनाचा इम्पेलर गॅस्केटसह, एक बेल्ट, थर्मोस्टॅट, दोन मीटर होज, चार-सहा होज क्लिपा, पाच लिटर तयार कुलंट, दोन लाकडी गुट्ट्या आणि हे सगळे उघडण्याइतके पाने. एका हेडच्या कामाच्या बिलापुढे या पेटीचा खर्च किरकोळ आहे. सोबत एक वही: इंजिन किती तास चालले, काटा कुठे होता, बादलीत किती पाणी पडले. दुरुस्तीचे बिल मंजूर करताना काढलेला जुना भाग दाखवण्याची अट घालावी. जो फाटका इम्पेलर दाखवू शकत नाही, त्याने हेड का उघडले हे विचारता येईल. सायलेन्सरच्या होजवर बसणारा, पाणी थांबताच बोंब मारणारा भोंगाही बसवावा. तापमानाचा काटा उशिरा जागा होतो, हा भोंगा आधी ओरडतो.

आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा ट्रेड असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलांना ट्रॅक्टरच्या इंजिनासोबत बोटीचा पंप आणि एक्स्चेंजर दोन दिवस हाताळायला मिळाला, तर धडगावच्या बोटीसाठी शहाद्याहून मिस्त्री बोलवावा लागणार नाही. सरावासाठी फाटके इम्पेलर आणि चोंदलेले एल्बो लागले तर ते आमच्याकडून न्यावेत, कोपऱ्यात ढीग पडला आहे.

एक राहिले. काढलेले जुने कुलंट काठावर ओतू नये. ते चवीला गोड असते, गुरे आणि कुत्री चाटतात आणि मरतात. डब्यात भरून, झाकण लावून परत आणावे.

आपले,
डिझेल व बोट इंजिन दुरुस्तीचे काम करणारे काही मिस्त्री,
शहादा–धडगाव परिसर, जि. नंदुरबार